आधी लॉगबुक उघड

बाळा, अनेक आशीर्वाद.

तू आजोबांवर लिहिलेलं वाचलं. पहिल्याच ओळीत 'आकाशातला वाघ' भेटला आणि माझा उत्साह तिथेच मावळला. पानभर वाचूनही आजोबा कोणतं विमान चालवायचे ते कळलं नाही!

माझा मामा 1971 च्या पाकिस्तान युद्धात हवाई दलात होता, 'पॅकेट' उडवायचा. पॅकेट म्हणजे मालवाहू विमान. डोंगराळ भागात ताकद कमी पडू नये म्हणून आपल्याकडे त्याच्या पाठीवर एक जादा जेट इंजिन बसवलेलं असायचं. तेव्हा नौपाड्यातल्या आमच्या वाड्यात खिडक्यांना काळे कागद लावून ब्लॅकआउट पाळत होते, आणि मी पोरांना सांगून टाकलं होतं, मामानं शत्रूची तीन विमानं पाडली. सुट्टीवर आलेल्या मामाच्या कानावर ते गेलं. म्हणाला, "अरे, मी ट्रकवाला. माल पोचवायचा नि रिकामं परत यायचं."

त्याच्या लॉगबुकात, म्हणजे वैमानिकाच्या उड्डाणांच्या नोंदवहीत, 11 डिसेंबरची एकच ओळ आहे. तारीख, विमान, किती वेळ उडालं, आणि शेवटी 'टांगाईल, ड्रॉप'. टांगाईल तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, आजच्या बांगलादेशात. त्या दिवशी पूंगलीचा पूल ताब्यात घ्यायला 2 पॅरा ही आपली पलटण पॅराशूटनं तिथे उतरली होती. 2 पॅरा म्हणजे मूळची तिसरी मराठा पलटण, हे मला फार उशिरा कळलं. मग मामाला तलावपाळीच्या कट्ट्यावर गाठून विचारलं.

तो पुलाबद्दल बोललाच नाही. विमानात चढताना एका जवानानं त्याला विचारलं होतं, "सायेब, गाव कंचं?" "ठाणं." "आमी कराडचं." बस, एवढंच बोलणं. परत उतरल्यावर मामा मागे गेला, तर पॅराशूट उघडणाऱ्या पट्ट्या आत ओढून ढीग करून ठेवलेल्या, आणि बाकाखाली एक चुन्याची डबी. कोणाची ते कधीच कळलं नाही. ती डबी अजून मामाच्या कपाटात आहे, त्याच्या 'पूर्वी स्टार' पदकाच्या शेजारी.

पदकावरून आठवलं. आजोबांचा पूर्वी स्टार तू 'शौर्यपदक' म्हणून लिहिलायस, ते खोड. पूर्व आघाडीवर सेवा केलेल्यांना तो मिळाला. शौर्यपदकं वेगळी. आजोबांना त्यानं काही कमीपणा येत नाही, पण चुकीचं लिहिलंस तर जाणता वाचक पुढचं एकही वाक्य खरं मानणार नाही.

आणि आजीशी बोल. 'तुला अभिमान वाटला का' असलं काही विचारू नकोस, सगळे तेच विचारतात. युद्धाच्या दिवसांत, 3 ते 16 डिसेंबर, घरात रेडिओ कोण लावायचं, पत्र आलं की आधी कोण फोडायचं, ते विचार. ती सांगेल तेव्हा मध्ये बोलू नकोस. तुला ती सवय आहे.

रविवारी सकाळी आजोबांचं लॉगबुक घेऊन ये. शाई फिकी झाली असेल तर भिंग आहे माझ्याकडे.