आधी विचारपूस, मग भाव

गेल्या अंकातल्या उत्तरात ओघाओघात डकारचं नाव आलं आणि पत्रं यायला लागली. डकार ही सेनेगल देशाची राजधानी. नकाशात आफ्रिकेच्या मुख्य भूमीचं अगदी पश्चिमेचं टोक शोधा, तिथंच हे शहर समुद्रात घुसलेलं दिसेल. यजमान पंप बसवण्याच्या कामावर होते म्हणून ऑक्टोबर २०१६ ते जून २०१९ आम्ही तिथं राहिलो. आलेल्या पत्रांपैकी तीन इथं घेते.

ताई, आमचा मुलगा गेल्या वर्षी नोकरीसाठी डकारला गेला. येत्या जानेवारीत आम्ही दोघं तीन आठवडे त्याच्याकडे जाणार आहोत. माझं वय ५८, यांचं ६४. मी शाकाहारी, हे सगळं खातात. फ्रेंचचा आम्हाला गंध नाही. मुलगा दिवसभर कामावर असणार. हे तरुणपणी तालमीत होते, अजूनही खासबागेत कुस्तीचं मैदान असलं की घरात थांबत नाहीत. तिथं यांचं मन कशात रमायचं? शिवाय नातेवाईक म्हणतात, आफ्रिकेत कशाला मरायला जाता? — एक वाचक भगिनी, मंगळवार पेठ, कोल्हापूर

भाषेपासून सुरुवात करते, कारण माझीही सुरुवात तिथंच अडली होती.

आम्ही वाकाम नावाच्या भागात राहायचो. तिसऱ्या दिवशी मी एकटीच कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे गेले. आपल्याकडे बाजारात लावतात तसेच टोमॅटोचे वाटे लावलेले. मी बोट दाखवलं आणि पाठ केलेला फ्रेंच शब्द म्हटला, "कोंबियां?" म्हणजे केवढ्याला. बाईनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "सलाम अलेकुम." मला वाटलं ऐकू गेलं नसेल. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, "सलाम अलेकुम." तिसऱ्या वेळी तिनं टोमॅटोवरचा हात काढला, पदरासारख्या ओढणीला पुसला, माझा हात हातात घेतला आणि लहान मुलाला शिकवावं तसं सावकाश म्हणाली, "नांगा देफ?" कशी आहेस? शेजारच्या मुलीनं मला उत्तर शिकवलं, "मांगी फी रेक." मी आहे, बरी आहे. मग घरच्यांची चौकशी झाली. मग झोप नीट लागली का, हे विचारून झालं. त्यानंतर टोमॅटो.

डकारमध्ये सरकारी भाषा फ्रेंच असली तरी रस्त्यावर वोलोफ चालते, आणि वोलोफमध्ये विचारपूस केल्याशिवाय कामाचं बोलणं उद्धटपणाचं समजतात. तुम्हाला हे जड जाणार नाही. 'काय, बरं हाय न्हवं? पोरं काय म्हणत्यात?' एवढं बोलल्याशिवाय आपल्याकडं तरी कोण पिशवी पुढं करतं? पाच-सहा वाक्यं मुलाकडून फोनवर आत्ताच पाठ करून घ्या. 'जेरेजेफ' म्हणजे आभार, 'न्याता ला?' म्हणजे केवढ्याला, 'दाफा सेर' म्हणजे महाग आहे.

भावाची एक खुबी मात्र कुणी आधी सांगत नाही. वोलोफमध्ये पैसे पाच-पाच फ्रँकच्या हिशेबानं मोजतात. 'तेमेर' म्हणजे शंभर. भाजीवाली 'तेमेर' म्हणाली की शंभर वेळा पाच, म्हणजे ५०० फ्रँक द्यायचे. मी शंभरचं नाणं पुढं केलं होतं. तिनं ते माझ्या मुठीत परत ठेवलं आणि पाच बोटं पसरून दाखवली. आपल्या आज्या नवे पैसे आल्यावरही 'बारा आणे' म्हणत राहिल्या, तसंच हे. वोलोफमध्ये भाव ऐकला की पाचानं गुणायचं, फ्रेंचमध्ये ऐकला की आहे तसाच धरायचा.

आता नातेवाइकांचं. डकारमध्ये मी एकटी बाजारात गेले, बसनं फिरले, संध्याकाळी समुद्रावर बसले. गर्दीच्या बाजारात एकदा पिशवीतून मोबाईल गेला. तो महाद्वार रोडवरही जाऊ शकतो. अंधार पडल्यावर समुद्राकाठच्या सुनसान रस्त्यानं पायी जायचं नाही, टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवायचं (काळ्या-पिवळ्या टॅक्सी आहेत, पण मीटरवर चालत नाहीत), माणसांचे फोटो विचारून काढायचे आणि सरकारी इमारतींचे काढायचेच नाहीत. एवढं पाळलं की झालं.

खरी काळजी घ्यायची ती तब्येतीची. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. ती घेतल्यानंतर दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि मग जन्मभर चालतो. दाखला नसेल तर परत येताना भारतातच तुम्हाला विलगीकरणात ठेवू शकतात. यांचं वय ६४ आहे. साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घ्यायची असेल तर आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नका, आणि हे शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून दिल्लीतल्या सेनेगलच्या दूतावासाकडूनच विचारून घ्या. मुंबईहून जाताना आदिस अबाबा किंवा दुबईला विमान बदलावं लागतं. विमानतळ डिसेंबर २०१७ पासून शहराबाहेर जवळजवळ ५० किलोमीटरवर गेलाय, मुलाला न्यायला येऊ दे. जानेवारी निवडलात ते उत्तम केलंत. पाऊस जुलै ते ऑक्टोबर. जानेवारीत समुद्रावरून गार वारा येतो, संध्याकाळी स्वेटर लागतो.

तुमच्या जेवणाचं. तिथला राष्ट्रीय पदार्थ चेबू जेन, म्हणजे मासे आणि भात. २०२१ मध्ये युनेस्कोनं त्याची सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. भात कण्यांचा असतो. अख्ख्या तांदळाचा नाही, मुद्दाम कण्यांचाच. एका मोठ्या परातीभोवती सगळे बसतात, प्रत्येकानं आपल्या समोरचंच खायचं, आणि घरातली बाई मधला चांगला तुकडा मोडून पाहुण्याच्या बाजूला सरकवते. यांची चंगळ आहे. पण तो भात माशाच्या पाण्यातच शिजतो, त्यामुळे 'मासा बाजूला काढून खा' म्हणाले तरी तुमच्या कामाचा नाही. तुम्ही सकाळी बाहेर पडा. रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर 'न्दाम्बे' मिळतं, चवळीची दाट रश्शातली उसळ लांबट पावात भरून देतात. मिसळ-पाव खाणाऱ्या माणसाला ते परकं वाटणार नाही, फक्त तिखट कमी. उसळीत मांस नाही ना, एवढं विचारून घ्या. संध्याकाळी चवळीच्या पिठाची भजी, 'अकारा'. प्यायला 'बिसाप', लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, आणि गोरखचिंचेच्या गराचं पांढरं दाट 'बुय'. अंबाडीच्या पाल्याची आंबट चटणीसुद्धा मिळते. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मला आईची अंबाडीची भाजी आठवून घास गिळवेना.

आणि यांचं मन कशात रमेल म्हणता? अहो, सेनेगलचा राष्ट्रीय खेळ कुस्ती आहे!

तिथं तिला 'लाम्ब' म्हणतात. माझे वडील आमच्या पेठेतल्या तालमीत वस्ताद होते. मुलींनी हौद्यापर्यंत जायचं नाही, त्यामुळे ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेल्या त्या लाल मातीचा वास मी उंबऱ्यावरूनच घेतलेला. डकारमध्ये पहिल्या आठवड्यात संध्याकाळी समुद्राकाठी गेले तर वाळूत चाळीस-पन्नास पोरं घाम गाळत होती. बैठका, जोर, मानेचा व्यायाम, जोड्या लावून पकडी. एक वयस्कर माणूस हातात छडी घेऊन मधून फिरत होता. न बोलता नुसता एकाच्या पायावर छडी टेकवायचा आणि पोरगं पाय बदलायचं. वडील अगदी असेच फिरायचे. मी तिथं काळोख पडेपर्यंत उभी राहिले.

मैदान बघायचं तर रविवारी. हंगाम साधारण डिसेंबर ते जुलै, म्हणजे तुम्ही ऐन वेळी जाताय. पिकीन या उपनगरात २०१८ मध्ये मोठं कुस्तीचं स्टेडियम झालं, सुमारे २०,००० माणसं बसतात. आपलं खासबाग शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभं केलं. तिथं अशी कायमची जागा व्हायला शंभरावर वर्षं जास्त लागली, तोवर मोठ्या लढती फुटबॉलच्या मैदानांवर व्हायच्या. आम्ही २०१९ च्या एका रविवारी गेलो. मोठी जोड शेवटची, पण तीन-चार तास आधीपासून ढोल सुरू असतात. हलगीचा कडकडाट वेगळा, तिथल्या 'साबार' ढोलाचा आवाज वेगळा, तरी अंगावर काटा तोच. पैलवान कमरेला 'न्गेम्ब' बांधून येतो, म्हणजे आपला लंगोटच म्हणा. दंडाला, कमरेला, पायाला तावीज. सोबतची माणसं बाटल्यांतलं मंतरलेलं पाणी, दूध त्याच्या डोक्यावर ओततात. तो आपल्या जिंकलेल्या कुस्त्यांचं कवन म्हणतो, नाचतो, मैदानाला फेरी मारतो. दोन तास हे चाललं, आणि कुस्ती? एका मिनिटात निकाल लागला.

निकालाचा नियम यांना आधीच सांगून ठेवा. तिथं चितपट करावं लागत नाही. दोन्ही हात आणि दोन्ही गुडघे टेकले तरी हार. पाठ लागली तर हार आहेच. आमचे हे "अजून पाठ कुठं लागली?" म्हणून उभेच राहिले, आणि शेजारचा म्हातारा त्यांना खांद्याला धरून खाली बसवत होता. नंतर दोघांनी तासभर एकमेकांना हातवारे करून ढाक आणि धोबीपछाड समजावले. एक शब्द सामायिक नव्हता.

शहरातल्या मोठ्या लढतींत ठोसे मारायला परवानगी असते, मोजे न घालता नुसत्या मुठीनं. रक्त निघतं. मला ते बघवलं नाही आणि ती कुस्ती मला अजूनही पटत नाही. बिनठोशांची कुस्ती वेगळी असते, गावांकडे सुगीनंतर रात्री तिचे फड रंगतात. मुलाच्या ऑफिसातल्या कुणाचं गाव जवळ असेल तर यांना तिकडे जाऊ दे, ती खरी यांची कुस्ती. आणि 'येकिनी' हे नाव पाठ करून जा. जवळपास पंधरा वर्षं अजिंक्य राहिलेला हा पैलवान एप्रिल २०१२ मध्ये हरला. हे नाव घेतलं की टॅक्सीवाला भाडं विसरून बोलायला लागतो.

कामानिमित्त डकारला चार दिवस जातोय, त्यातले दोनच दिवस मोकळे. काय बघू? गुलाबी तळ्याचे फोटो बघून वेडा झालोय. — एक तरुण वाचक, शिरोली

तळं सोडा. रेत्बा तळ्याचा गुलाबी रंग ऊन, वारा, पाण्यातला खारेपणा यांवर ठरतो, आणि २०२२ च्या पुरानंतर तो फार फिकटला. दोनच दिवस हातात असताना त्या भरवशावर जाऊ नका.

एक पूर्ण दिवस गोरे बेटाला द्या. बंदरातून बोटीनं वीसेक मिनिटं. बेटावर मोटारी नाहीत, गुलाबी-पिवळ्या रंगाच्या जुन्या भिंती, बोगनवेल. १९७८ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे, कारण इथून माणसं गुलाम म्हणून समुद्रापार नेली गेली. तिथल्या 'गुलामांच्या घरा'तून नेमकी किती माणसं गेली, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. तळमजल्यावरच्या कोठड्यांच्या दारांवर पाट्या आहेत. पुरुष. बायका. एकीवर 'एंफां', म्हणजे मुलं. त्या खोलीला खिडकी म्हणून भिंतीत एक अरुंद फट आहे. माझा नातू तेव्हा चार वर्षांचा होता. मी आत शिरून उभी राहिले, हात पसरले, आणि बाहेर आले. पुढे बोळाच्या टोकाला समुद्राकडे उघडणारं दार आहे, त्याच्यापलीकडे जमीन नाहीच, खाली खडक आणि पाणी. तिथं दारात उभं राहून हसरे फोटो काढणारे लोक तुम्हाला दिसतील. तुम्ही काढू नका, ही माझी विनंती आहे.

मग टेकडीवर चढा. तिथं कलाकार वाळूची चित्रं करतात: फळीवर डिंकानं आकृती काढायची आणि वेगवेगळ्या रंगांची वाळू चिमटीनं सोडायची. रांगोळी घालणारा हात लगेच ओळखू येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णवर्णीय संस्कृतींचं संग्रहालय (डिसेंबर २०१८ मध्ये उघडलं, तीन तास ठेवा). दुपारनंतर वाकामच्या टेकडीवरचा 'आफ्रिकी पुनर्जागरण' पुतळा. ४९ मीटर उंच, २०१० मध्ये उद्घाटन झालं, उत्तर कोरियाच्या कंपनीनं बांधला. खर्चावरून तिथले लोक अजून चिडून बोलतात आणि मला तो देखणाही वाटत नाही, पण वरून तिन्ही बाजूंना समुद्र दिसतो. उतरल्यावर खाली वाकामच्या किनाऱ्यावर मशिदीजवळ रंगवलेल्या होड्या वाळूत ओढून ठेवलेल्या असतात. सूर्य मावळेपर्यंत तिथंच बसा. येताना पांढऱ्या मिनीबसनं या. गाडीवर आपल्या टाटाचा शिक्का असतो, आणि लोक त्या बसला 'टाटा'च म्हणतात.

सून डकारला निघाली आहे. सोबत काय बांधून देऊ? शेंगदाणे, चटणी, लोणचं? — एक सासूबाई, फुलेवाडी

शेंगदाणे नका देऊ. सेनेगल शेंगांचाच देश आहे, फ्रेंचांनी मोठा मुलूख शेंगांखाली आणला होता. 'माफे' म्हणून दाण्याच्या कुटाची दाट आमटी घराघरात होते, मांस घालून. सून शाकाहारी असेल तर रताळं, कोबी, गाजर घालून घरी करता येते. बाजरीही मिळते, भाकरीचं पीठ बांधू नका. साधा तवा मात्र द्या.

कांदा-लसूण मसाला द्या. किलोभर द्या, नीट सीलबंद करून. मी पहिल्या वर्षी पाव किलोच नेला होता. टोमॅटोवाल्या त्या बाईला एक चिमूट कागदात बांधून दिली. दुसऱ्या दिवशी सलाम झाला, घरच्यांची विचारपूस झाली, झोपेचं विचारून झालं, आणि मग तिनं टोमॅटोशेजारी ठेवलेला रिकामा डबा माझ्यापुढं सरकवला.