सासूबाईंच्या गोष्टी आणि लेकीची नोकरी

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमची लेक टी.वाय.ला आहे, विषय मराठी. भांडुपच्या घरात सासूबाई मालवणीत गोष्टी सांगतात आणि लेक त्या मोबाइलवर रेकॉर्ड करून वहीत उतरवते. तिला लोककथा संकलित करायच्या आहेत, मुलांच्या पुस्तकांची संपादक व्हायचं आहे. तिचे बाबा म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. तुमचं म्हणणं, निदान बी.एड. तरी करावं. आणि तुम्ही विचारलंत, ‘हे खरंच काम आहे की नुसता छंद? यावर पोट भरतं का?’

काम आहे, आणि मोठ्या जबाबदारीचं आहे. पोट मात्र सुरुवातीची काही वर्षं फक्त यावर भरेल, असं मी सांगणार नाही. मराठीत केवळ मुलांच्या पुस्तकांसाठी पगारी संपादक ठेवणाऱ्या संस्था थोड्या आहेत. बरंचसं काम पुस्तकागणिक किंवा पानागणिक बाहेर दिलं जातं: मुद्रितशोधन, अनुवाद, पाठ्यपुस्तकांना पूरक वाचनसाहित्य. त्यातूनच ओळख होते आणि पुढे जागा मिळते. म्हणून तुमच्या बी.एड.च्या आग्रहाला माझा विरोध नाही. उलट, ज्या संपादकाने वर्गात गोष्ट वाचून दाखवली आहे, मुलं कुठे चुळबुळ करतात ते पाहिलं आहे, तिच्या शब्दाला वजन येतं. बँकेची परीक्षा तिने केवळ घरच्यांच्या समाधानासाठी देऊ नये. तिथली तयारी वर्षं खाते आणि ती या कामाच्या काहीच उपयोगी पडत नाही.

आता हे काम नेमकं काय असतं, ते सांगते. बहुतेक पालकांना वाटतं, पुस्तक छोटं, तर संपादन सोपं. चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. शेणाचं घर पावसात वाहून जातं, कावळा मेणाच्या घराचं दार ठोठावतो आणि चिमणी आतून म्हणते, थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे. थांब, बाळाला तीट लावू दे. चित्रपुस्तक सहसा १६, २४ किंवा ३२ पानांचं असतं, कारण कागद तसाच दुमडतो. मग कावळ्याचं किती वेळा थांबणं ठेवायचं? प्रत्येक ‘थांब’ उजव्या पानाच्या शेवटी आला, तर मूल स्वतः पान उलटतं आणि कावळ्याबरोबर तेही ताटकळतं. दार उघडल्याचं चित्र उजव्या पानावर ठेवलं, तर ते डावीकडचं वाक्य वाचण्याआधीच दिसून जातं आणि मजा गेली. हे सगळं चित्रकाराबरोबर बसून, कोऱ्या कागदांची डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, करून ठरवावं लागतं. नवखे संपादक पहिली कात्री पुनरुक्तीला लावतात. ऐकणाऱ्या मुलाला तर तीच हवी असते, कारण दुसऱ्या वेळेला ते स्वतः ‘थांब’ म्हणायला लागतं.

शेवटाचा प्रश्न त्याहून अवघड. ही गोष्ट सांगणारे सगळे एकच शेवट करत नाहीत. कुठे कावळ्याला चटका बसतो, कुठे तो रात्रभर कोठीतले चणे कुटुमकुटुम खात राहतो. माझं मत असं की गोष्टीतली भीती काढू नये, मुलांना ती पेलते. पण रंगावरून, जातीवरून, व्यंगावरून केलेली हेटाळणी मुलांच्या पुस्तकात ठेवू नये. मात्र संकलनाच्या मूळ वहीत तीही जशीच्या तशी राहिली पाहिजे. मूळ सांगणं आणि मुलांसाठीची संहिता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लेकीने आत्तापासून त्यांच्या दोन वेगळ्या वह्या कराव्यात.

पहिल्या वहीत सासूबाई बोलल्या तसं मालवणीतच उतरवावं. प्रमाण मराठीत ‘सुधारून’ अजिबात नको. गोष्टीखाली सांगणारीचं नाव, गाव, वय, तारीख, तिने ती कुणाकडून ऐकली आणि कुठल्या प्रसंगी सांगितली जाते, हे लिहावं. छापायची वेळ आली तर परवानगी घ्यावी आणि सांगणारीचं नाव पुस्तकात द्यावं. याचं उदाहरण आपल्याच मुंबई इलाख्यातलं आहे. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी फ्रिअर हिने १८६८ मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ हा कथासंग्रह लंडनमध्ये प्रसिद्ध केला. गोष्टी सांगितल्या होत्या तिच्याकडच्या आया ॲना लिबराता डिसूझा यांनी. त्या पुस्तकात ॲनाबाईंची स्वतःची जीवनकहाणीही छापली आहे. दीडशे वर्षांपूर्वी एका आयाचं नाव आणि आयुष्य पुस्तकात येऊ शकलं, तर आज एखाद्या आजीचं नाव गाळायला काहीही कारण नाही.

कायद्याचं एक थोडक्यात. लोककथा कुणा एकाची नसते, पण कुणी ती आपल्या शब्दांत लिहिली की त्या शब्दांवर त्या लेखकाचा हक्क असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो लेखक हयात असेपर्यंत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. दुसऱ्याच्या पुस्तकातून गोष्टी उचलून ‘संकलन’ म्हणून छापणं हे संकलन नव्हे. तुमची लेक थेट आजीच्या तोंडून ऐकते आहे, हे तिचं खरं भांडवल.

शिकायला मुंबईसारखं शहर नाही. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे. फोर्टला एशियाटिक सोसायटी आहे, जिथे दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षं बसून वाचत असत. दुर्गाबाईंचं ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ आणि सरोजिनी बाबर यांनी संपादित केलेलं लोकसाहित्य तिने वाचावंच. एम.ए. करायचं ठरलं तर कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा मराठी विभाग आणि लोककला अकादमी आहे. लोककथांच्या अभ्यासात आर्ने, थॉम्पसन आणि उथर यांची क्रमांक-सूची वापरतात. देशोदेशीच्या सारख्या गोष्टींना त्यात एकच क्रमांक असतो. तीही ओळखीची व्हावी. ‘चल रे भोपळ्या’तल्या म्हातारीच्या बहिणी बंगालमध्ये आणि इराणमध्येही आहेत, हे त्या सूचीमुळे कळतं. आणि गोष्टी शोधायला लांब जायला नको. तुमच्याच इमारतीत अहिराणी, आगरी, घाटावरची मराठी बोलणाऱ्या आज्या असतील. त्यांना दुपारी वेळ असतो आणि कुणी विचारलं की त्या खुलतात.

कामं कुठे मिळतील? ‘किशोर’ मासिक बालभारती १९७१ पासून काढते आहे. राष्ट्रीय पुस्तक न्यास, चेन्नईची तूलिका, बंगळुरूची प्रथम बुक्स हे मराठीतही मुलांची पुस्तकं काढतात. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ हे गोष्टींचं संकेतस्थळ २०१५ पासून खुलं आहे. तिथे कुणालाही गोष्ट लिहिता किंवा अनुवादित करता येते, म्हणजे तिला दाखवायला काम तयार होतं. ज्योत्स्नासारखे मराठी प्रकाशक आहेतच. काम स्वीकारताना मात्र पानाचा दर, पैसे कधी मिळणार आणि नाव छापणार का, हे लेखी घ्यायला शिकवा. मुली संकोचतात आणि वर्षभर फुकट राबतात.

तिच्याकडून आत्ता एवढंच करून घ्या. सासूबाईंची एक गोष्ट निवडू दे. तिचं मालवणी लेखन, मुलांसाठीची संहिता आणि हाताने केलेली १६ पानांची डमी, असा संच परीक्षा झाल्यावर तयार करू दे. तो शेजारच्या पाच-सहा मुलांना वाचून दाखवावा, ती कुठे हसली, कुठे उठून गेली ते टिपावं आणि पुन्हा लिहावं. हा संच तिने स्वतः नेऊन प्रकाशकांना दाखवावा. बी.एड.ची प्रवेश परीक्षाही द्यावी, दोन्ही एका वेळी जमतं. आणि सासूबाईंचं रेकॉर्डिंग फक्त मोबाइलवर ठेवू नका, आजच दुसरीकडे एक प्रत करून ठेवा.