पुरावर नाटक केलं तर लोकांची भीती जाते की खपल्या निघतात?

तुमच्या मंडळात बडोद्याच्या ऑगस्ट २०२४ च्या पुरावर यंदा गणपतीत नाटक बसवायचं चाललंय आणि त्यानं सोसायटीतल्या लोकांना बरं वाटेल की उलटंच होईल, असं तुम्ही विचारलंय. मी बडोद्यातच राहते, प्लेबॅक थिएटरच्या एका छोट्या गटात काम करते. माझं मत स्पष्ट आहे: पूर स्टेजवर पुन्हा आणू नका. मागे पावसाचा आवाज, पुढे आरडाओरडा, हे ज्यांनी भोगलंय त्यांना त्यात नवीन ते काय? वर पहिल्या रांगेतल्या आजींना मधेच उठून जायचीही चोरी.

त्यापेक्षा लोकांनाच सांगू द्या. प्लेबॅक १९७५ मध्ये जोनाथन फॉक्स आणि जो सालस यांनी अमेरिकेत सुरू केलं. संहिता नसते. प्रेक्षकांतलं कुणीतरी पुढे येऊन खुर्चीत बसतं, आपल्यावर गुदरलेलं सांगतं, कुणाचं काम कोणी करायचं ते ठरवतं, आणि नट तिथल्या तिथे ते करून दाखवतात. मग विचारायचं, असंच झालं होतं का? 'नाही' म्हणायचा हक्क सांगणाऱ्याचा.

आमच्याकडे सगळे आधी मगरीचीच गोष्ट सांगतात. शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा मगरी रस्त्यावर आल्या होत्या, त्यामुळे मगर प्रत्येकाकडे आहे. नट सरपटतो, पोरं खिदळतात, सांगणाऱ्याची भीड चेपते. बडोद्यातल्याच अकोटा भागातल्या एक काकू अशाच मगर सांगायला बसल्या आणि फ्रिजवर आल्या. तळमजल्यावरचं घर. फ्रिज आडवा होऊन तरंगत दाराशी अडकला, दार उघडेना, आत सासूबाई. फ्रिजच्या कामासाठी काकूंनी आमच्यातला सगळ्यात आडदांड मुलगा निवडला. तो दारात आडवा पडून डुलायला लागला तशी काकूंसकट सगळ्यांची हसून पुरेवाट. पण सासूबाई झालेली मुलगी किंचाळली तेव्हा काकूंनी हात वर केला. "ओरडत नव्हत्या गं त्या. आतून मलाच धीर देत होत्या." तेवढा भाग पुन्हा केला. खिडकीचं ग्रिल कापून त्यांना बाहेर काढणारे वरच्या मजल्यावरचे भाई मागेच बसले होते. करवत अजून पलंगाखाली ठेवतो, हे त्यांनी तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं, गुजरातीत. त्यांच्या बायकोलाही ते नवीन होतं.

राग असेल तर मात्र प्लेबॅक पुरत नाही. छारा या भटक्या जमातीवर १८७१ च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार असा शिक्का बसला होता. १९९८ मध्ये बंगालमध्ये तसाच शिक्का बसलेल्या जमातीतला बुधन सबर पोलीस कोठडीत मारला गेला आणि अहमदाबादच्या छारानगरमधल्या पोरांनी त्याच्यावर नाटक उभं केलं. तेच बुधन थिएटर. त्यामागे गणेश देवी होते, आपल्याच सयाजीराव विद्यापीठात इंग्रजी शिकवलेले. तिथे नुसतं मन मोकळं करून भागणार नव्हतं, बघणाऱ्याला जाब विचारायचा होता. तुमच्या लोकांना 'पुढच्या वेळी काय करायचं' हे छळत असेल तर ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांचं फोरम थिएटर बघा. प्रेक्षक प्रसंग थांबवतो, नटाला बाजूला करतो आणि स्वतः वेगळं काहीतरी करून बघतो. म्हाताऱ्यांना वर कोणी न्यायचं, मेन स्विच कोणी बंद करायचा, यावर सोसायटीत जी भांडणं होतील ती तिथेच होऊ द्यात.

बोलायची सक्ती कुणावरही नको. आपत्तीनंतर लोकांना बसवून बळेच बोलतं करू नये असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आणि पाऊस लागला की ज्यांची झोप आजही उडते त्यांना नाटकावर सोडू नका, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या किंवा डॉक्टरकडे न्या.

मांडवात, लाउडस्पीकरवर हे करू नका. सोसायटीचा हॉल, अर्धगोलात खुर्च्या, पंचवीस-तीस माणसं बास. दिवसही आरती आणि प्रसादाची गडबड नसलेला निवडा. मोदक वाटायला घेतले की कोणी कोणाचं ऐकत नाही.