एम.एस्सी. झालं, नेट आहे, पण विद्यापीठात कुणाची ओळख नाही. पीएच.डी.ची किंवा प्रोजेक्टची जागा कशी शोधू?

तुम्ही लिहिलंय की अंबाजोगाईहून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं, नेटमध्ये (राष्ट्रीय पात्रता परीक्षेत) फक्त पीएच.डी.पुरती पात्रता मिळाली, आणि ओळखीशिवाय गाईड मिळत नाही असं सगळे म्हणतात. मी जिंतूर तालुक्यातली. माझीही विद्यापीठात कुणाशी ओळख नव्हती, तरी गाईड मिळाल्या. फक्त जाहिरातीची वाट बघत घरी बसू नका. तुमचे नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. त्या गुणांना 70 टक्के वजन असतं, मुलाखतीला 30.

माझं एक वर्ष वाया गेलं, ते सांगते. 2023 मध्ये एका सरांना डोळ्यापुढे ठेवून विषय ठरवला, सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा लिहिला. नंतर कळलं, त्यांच्या निवृत्तीला अडीच वर्षं उरली होती. तीन वर्षांपेक्षा कमी सेवा उरली असेल तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमाने नवा विद्यार्थी घेताच येत नाही. विभागात महिनाभर खेटे घातले, एकानेही हे सांगितलं नाही. फार रडले तेव्हा. म्हणून सांगते, पहिल्याच भेटीत दोन गोष्टी विचारा: जागा किती रिकाम्या आहेत आणि निवृत्ती कधी. प्रोफेसरला एका वेळी 8, असोसिएटला 6 आणि असिस्टंट प्रोफेसरला 4 विद्यार्थी घेता येतात. विद्यापीठाच्या विभागाइतकंच संशोधन केंद्राची मान्यता असलेल्या कॉलेजांतही विचारा, तिकडे फार जण फिरकत नाहीत.

गाईड कसा शोधायचा? शोधगंगा ही पीएच.डी. प्रबंधांची वेबसाइट उघडा. प्रबंध फुकट वाचता येतात आणि पहिल्याच पानावर गाईडचं नाव असतं. मी आधी वीसेक जणांना एकच मजकूर मेल केला होता, एकाचंही उत्तर नाही. मग एका मॅडमच्या विद्यार्थिनीचा प्रबंध नीट वाचला. मातीतल्या बुरशीवर होता आणि नमुने सगळे पावसाळ्यातले. मी चारच ओळी लिहिल्या: उन्हाळ्यात तीच शेतं पुन्हा तपासली तर काय सापडेल? संध्याकाळी उत्तर, "सोमवारी अकराला या." गेले तर मार्कशीट बाजूलाच राहिली. मॅडमनी मायक्रोस्कोप पुढे सरकवला आणि म्हणाल्या, स्लाईड लाव. हात थरथरत होता, पण हवेचा बुडबुडा न येऊ देता कव्हरस्लिप बसली.

नोंदणी होईपर्यंत प्रोजेक्टची नोकरी बघा. तुमच्या विषयाला परभणीचं कृषी विद्यापीठ आणि तुरीवर काम करणारं बदनापूरचं संशोधन केंद्र जवळचं आहे. पात्रतेची ओळ मात्र नीट वाचा, काही जागांना एम.एस्सी. ॲग्रीच लागते. थेट मुलाखत असेल तर मूळ कागदपत्रं आणि झेरॉक्सचे दोन संच सोबत ठेवा. प्रोजेक्टचा निधी संपला की नोकरीही संपते, तेव्हा किती महिने उरलेत ते रुजू होण्याआधी विचारा.

पैशाचं म्हणाल तर जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप) नसली तरी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था आपापल्या प्रवर्गाला फेलोशिप देतात. त्या अर्जाला पीएच.डी. नोंदणीचं पत्र लागतं. ते हातात पडलं की त्याच दिवशी स्कॅन करून ठेवा.