नाव मुलीचं, पेपर कोणाचा?

जळगावच्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बीडीएसची, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीची, इंटर्नशिप करते आहे. तिनं एमडीएसला, म्हणजे पुढच्या पदव्युत्तर शिक्षणाला, ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरी (तोंड, जबडा, चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया) घ्यावी, 'सर्जन' व्हावं, ही त्यांची इच्छा. तिला मात्र लहान मुलांची दंतचिकित्सा हवी आहे आणि 'त्यात क्लिनिकल रिसर्च करायचं' असं ती म्हणते. मावसभाऊ अमेरिकेत आहे, पुढेमागे हिलाही जाता यावं म्हणून वडिलांनी एका एजन्सीकडून तिच्या नावावर तीन शोधनिबंधांचं पॅकेज घेतलं. पहिला छापून आला. 'आता उरलेले दोन कोणत्या विषयावर घ्यावेत? आणि तिला जरा समजवा, मिळालेला वेळ ती वाया घालवते,' असं त्यांनी लिहिलं आहे.

सप्रेम नमस्कार.

पेपर छापून आल्यापासून मुलगी तुमच्याशी धड बोलत नाही, हे तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जागा उरली म्हणून लिहावं तसं लिहिलं आहे. मला पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच वाटली. तुम्हाला तो तिचा हट्टीपणा वाटतो. मला वाटतं, तुमच्या घरात या विषयाची समज असलेली सध्या ती एकटीच आहे.

झालं काय, ते तुमच्याच शब्दांवरून मांडतो. जबड्याच्या फ्रॅक्चरवर उपचार घेतलेल्या साठ मुलांचा अभ्यास छापून आला. त्यावर तुमच्या मुलीचं नाव आहे. त्या हॉस्पिटलात तिनं कधी पाऊल ठेवलेलं नाही, त्यातलं एकही मूल तिनं पाहिलेलं नाही, आणि पेपर छापून येईपर्यंत तिला त्याचा पत्ता नव्हता. तुम्ही लिहिता, 'सरप्राइज द्यायचं होतं.'

मुलांवरच्या संशोधनासाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत. आईवडिलांची सही लागतेच, पण तेवढ्यावर भागत नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाला त्याला कळेल अशा भाषेत समजावून त्याचा तोंडी होकार घ्यावा लागतो, बारा ते अठरा या वयात लेखी. सात वर्षांचं पोर 'नको' म्हणालं तर त्या 'नको'ला तिथे किंमत असते. तुमची मुलगी तेवीस वर्षांची आहे. तिला कोणी विचारलं?

'सगळेच करतात' हे तुमचं वाक्यही वाचलं. करतात, खरं आहे. पण ज्या पेपरमधली मुलं प्रत्यक्षात आहेत की नाहीत हेच माहीत नाही, त्याचं पुढे काय होतं तेही बघा. पंधरा किलोच्या मुलाचा दात काढायचा असेल तर दोन टक्के लिग्नोकेन, म्हणजे हिरडी बधिर करायचं औषध, किती देता येतं? मुलांच्या दंतचिकित्सेत पाळली जाणारी कमाल मर्यादा किलोमागे ४.४ मिलिग्रॅम. म्हणजे त्या मुलाला ६६ मिलिग्रॅम, साधारण सव्वातीन मिलिलिटर. त्यापुढे गेलं तर फिट येऊ शकते, हृदयावर परिणाम होऊ शकतो. असे आकडे कोणी तरी खऱ्या मुलांवर, खऱ्या नोंदी ठेवून काढलेले असतात आणि तालुक्याच्या गावातला डॉक्टर त्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. त्याच कपाटात तुम्ही विकत घेतलेला एक कागद ठेवून दिला आहे, मुलीची सही करून.

तेव्हा पहिलं काम. तिनं त्या नियतकालिकाला स्वतः ईमेल लिहावा : या अभ्यासात माझा सहभाग नाही, माझ्या संमतीशिवाय नाव घातलं आहे, ते काढावं. आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संपादकांच्या समितीचे लेखकपणाचे चार निकष आहेत : कामात भरीव वाटा, लिखाणात वा त्याच्या तपासणीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि पुढे कोणी प्रश्न विचारला तर उत्तर द्यायची जबाबदारी. चारही लागतात. तिच्याकडे एकही नाही, हे ती सांगेल. उत्तर येईल न येईल, पण ईमेलची प्रत तिच्याकडे राहू द्या. अमेरिकेतल्या मुलाखतीत 'या साठ मुलांमधल्या कॉन्डाइलच्या (जबड्याच्या सांध्यातल्या टोकाच्या) फ्रॅक्चरबद्दल सांगा' असं कोणी विचारलं, तर 'सरप्राइज होतं' हे उत्तर चालत नाही.

आता तुमच्या मनात खोल बसलेल्या एका समजाबद्दल. 'हातात ब्लेड असेल तो खरा डॉक्टर, रिसर्च म्हणजे कारकुनी,' असं तुम्ही जवळजवळ याच शब्दांत लिहिलं आहे. दुभंगलेल्या टाळूचं उदाहरण घ्या. ओठाची शस्त्रक्रिया बाळ तीनेक महिन्यांचं असताना करतात. टाळूची केव्हा करायची, यावर सर्जन मंडळींत अनेक वर्षं वाद होता. लवकर शिवली तर बोलणं सुधारेल पण वरच्या जबड्याची वाढ खुंटेल, अशी एका बाजूची भीती. उशीर केला तर मूल नाकातून बोलायची सवय लावून घेईल, अशी दुसऱ्या बाजूची. टाळू नीट मिटली नाही तर हवा नाकातून निसटते आणि मूल 'बाबा' म्हणायला जातं ते 'मामा' ऐकू येतं. हा वाद कोणाच्या हातच्या कौशल्याने मिटणारा नव्हता. ब्रिटन, डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि ब्राझील इथल्या २३ केंद्रांनी मिळून ५५८ बाळं घेतली. कोणाची टाळू सहाव्या महिन्यात शिवायची आणि कोणाची बाराव्या, हे चिठ्ठी काढावी तसं ठरवलं. मग पाच वर्षं थांबले. मुलं पाच वर्षांची झाल्यावर त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि कोणतं मूल कोणत्या गटातलं हे माहीत नसलेल्या वाचातज्ज्ञांकडून ते तपासून घेतलं. टाळूचं काम अपुरं राहिलेली मुलं सहा महिन्यांच्या गटात ८.९ टक्के निघाली, बारा महिन्यांच्या गटात १५ टक्के. २०२३मध्ये हे प्रसिद्ध झालं. सहाव्या महिन्यातही भूल सुरक्षितपणे देता येईल अशी सोय आणि भूलतज्ज्ञ असलेल्या केंद्रांतला हा निष्कर्ष आहे. सगळीकडे डोळे झाकून लागू करायचा नाही. पण ब्लेड केव्हा चालवायचं हे इथे कोणी ठरवलं, ते लक्षात घ्या.

आणि ज्याला तुम्ही 'वेळ वाया घालवणं' म्हणता ते. तुम्ही लिहिलंय, कॉलेजातून आली की ती फोन घेऊन बसते. ओठ-टाळूचं ऑपरेशन झालेल्या मुलांच्या आयांना फोन लावते, पुन्हा तपासणीला का आला नाहीत म्हणून विचारते, वहीत टिपून ठेवते. 'नीट-एमडीएसचा अभ्यास सोडून समाजसेवा चाललीय.'

अहो, क्लिनिकल रिसर्च ते हेच. नव्वद टक्के तरी हेच. (टक्केवारी माझी, मनाला वाटली तशी.) मुलांच्या चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेचा निकाल टाके काढताना कळत नाही. ओठ, टाळू, मग आठ ते अकराच्या वयात सुळा येण्याआधी हिरडीच्या फटीत हाड भरणं, वाढ थांबल्यावर गरज पडली तर जबड्याची शस्त्रक्रिया. एका मुलामागे सतरा-अठरा वर्षं. त्यात आपल्याकडे कुटुंब ऊसतोडीला गेलं की नंबर बदलतो. घरचे म्हणतात, ओठ तर जुळला, आता कशाला. कुठे सासू म्हणते ग्रहणात हिनं विळी धरली म्हणून असं झालं, आणि सून पोराला घेऊन चारचौघांत यायलाच लाजते. हे अडथळे ओलांडून कोण परत आलं आणि कोण आलं नाही याची नोंद नसेल, तर कुठल्याही हॉस्पिटलचे 'उत्तम निकाल' फक्त परत आलेल्यांचे असतात. तुमची मुलगी न आलेल्यांना शोधते आहे. हे तिला कोणी शिकवलं नसावं.

एक मात्र तिला सांगा : ती वही अजून अभ्यास झालेली नाही. त्यात आजारी मुलांची नावं आणि नंबर आहेत, ती घरी टेबलावर पडलेली नसावी. त्यावरून काही लिहायचं तर आधी विभागप्रमुखांशी बोलून कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी घ्यावी लागेल. पुढे एखाद्या उपचाराची चाचणी करायची वेळ आली तर सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी लागते, आणि १ एप्रिल २०१८पासून ती पहिला पेशंट घेण्याआधीच करावी लागते, मागाहून नाही. आयसीएमआरच्या चेन्नईच्या संस्थेचा 'बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च' ऑनलाइन आहे, तो तिनं आत्ताच करून टाकावा.

'पण ती एक साधी इंटर्न, तिला कोण विचारणार?' स्कॉटलंडमध्ये नॉर्ना हॉल नावाच्या एक साध्या दंतवैद्य होत्या, प्राध्यापक नव्हे. लहान मुलांच्या किडलेल्या दाढेला इंजेक्शन नाही, ड्रिल नाही. किडीसकट वरून स्टीलची कॅप घट्ट बसवून द्यायच्या. पुस्तकी शिक्षण घेतलेला कोणीही कानांवर हात ठेवेल असा प्रकार. पण बाईंनी नोंदी चोख ठेवल्या होत्या : २५९ मुलं, ९७८ कॅप. त्या नोंदी पाहून डंडी विद्यापीठाच्या मंडळींनी १७ दंतवैद्यांच्या दवाखान्यांत १३२ मुलांवर रीतसर चाचणी घेतली, २००७मध्ये ती छापून आली. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा दुखणं, गळू अशा मोठ्या तक्रारी कॅपच्या दाढांत ३ टक्के होत्या, नेहमीच्या पद्धतीने भरलेल्यांत १६.५ टक्के. आज 'हॉल टेक्निक' आपल्याकडच्या एमडीएसच्या मुलांनाही शिकावं लागतं.

परीक्षांचं तुम्हाला ठाऊकच आहे : एमडीएसच्या प्रवेशासाठी नीट-एमडीएस किंवा (एम्ससारख्या संस्थांसाठी) आयएनआय-सीईटी, मग तीन वर्षं, अमेरिकेसाठी तिथली दंतवैद्यकाची परीक्षा आयएनबीडीई आणि पुढचे अर्ज.

नोकरीचंही खरं तेच सांगतो. 'बालदंत संशोधक हवेत' अशी जाहिरात तुम्हाला वर्तमानपत्रात दिसणार नाही. हे काम डेंटल कॉलेजात शिकवता शिकवता, एम्ससारख्या संस्थेत किंवा आयसीएमआरच्या प्रकल्पांवर होतं, आणि चौकात दवाखाना टाकलेल्या वर्गमित्राची गाडी तुमच्या मुलीच्या आधी येईल. क्लिनिकल रिसर्चचा सहा महिन्यांचा डिप्लोमा करून पुण्या-मुंबईत औषध कंपन्यांकडे नोकरी मिळते, बीडीएसवाले तिथे बरेच असतात, काम प्रतिष्ठेचं आहे. पण ते बहुतांशी औषधांच्या दुष्परिणामांची कागदपत्रं तपासण्याचं काम असतं, मूल समोर येत नाही. वहीवरून तरी तिला ते रुचेल असं दिसत नाही.

सर्जरी की मुलांची दंतचिकित्सा, हे मी ठरवणार नाही, तुम्हीही ठरवू नका. एवढं सांगतो की तिला ज्या मुलांची ओढ आहे त्यांच्याभोवती दोन्ही विभाग एकत्र येतात. बाळाला दूध ओढता यावं म्हणून टाळूची प्लेट बऱ्याच ठिकाणी मुलांचा दंतवैद्य बनवतो, टाळू सर्जन शिवतो. हनुवटीवर पडून जबड्याचा सांधा आखडलेल्या, तोंडच न उघडणाऱ्या पोराला दोघंही लागतात. कॉलेज निवडताना तिनं शाखेच्या नावाआधी दोन गोष्टी विचाराव्यात : इथे क्लेफ्टची (दुभंगलेल्या ओठ-टाळूची) मुलं किती येतात, आणि गेल्या तीन वर्षांतले थीसिस वाचायला मिळतील का. दुसऱ्या प्रश्नाला जिथे टाळाटाळ होईल, तिथे गाइड कसा असेल ते समजून घ्यावं.

हे उत्तर तिला वाचायला द्या, पण समजावू नका. तिला काही विचारायचं असेल तर तिनंच लिहावं, थेट, तुमच्यामार्फत नको. त्या एजन्सीला मात्र तुम्ही स्वतः फोन करा. व्यवहार तुम्ही केला होता.