पोरगी फ्लॉरेन्समध्ये रडतीय, परत बोलवू का?

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी सप्टेंबरात इटलीला गेली, फ्लॉरेन्सला, आर्किटेक्चरचं मास्टर्स करायला. पहिले पंधरा दिवस नुसते फोटो पाठवत होती. आता रोज रात्री साडेदहाला व्हिडिओ कॉल करतो तर रडतेच. वर्गात कुणी बोलत नाही म्हणते, सारखा पाऊस, ब्रेड घशाखाली उतरत नाही, परीक्षा तोंडी आहे त्याची भीती. हिचे बाबा म्हणतात परत बोलवून घे, पैसे गेले तर गेले. तुम्ही तिथं शिकलाय म्हणून विचारते. काय करू? (एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : काकू, आत्ता बोलवू नका. मी मंगळवार पेठेतली, दोन वर्षं त्याच शहरात काढलीत, आणि पहिल्या नोव्हेंबरात मीपण घरी फोन करून हेच म्हटलेलं की मला न्यायला या.

पहिली गोष्ट फोनच्या वेळेची. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथं घड्याळं तासभर मागं घेतात, त्यामुळं आता आपल्यात आणि त्यांच्यात साडेचार तासांचा फरक आहे. म्हणजे तुमचे रात्रीचे साडेदहा तेव्हा तिच्याकडं संध्याकाळचे सहा, अंधार पडून तासभर झालेला, लेक्चर संपून ती नुकतीच रूमवर आलेली, एकटी, आणि बरोब्बर त्याच वेळेला आईचा चेहरा दिसतो, मग रडू येणारच ना. दिवसातला सगळ्यात वाईट तास आहे तो. आमच्या आईनं कॉल दुपारी बारावर आणला, तेव्हा माझे साडेसात वाजलेले असायचे, चहा टाकता टाकता बोलायचो आणि मी आवरून बाहेर पडायचे. संध्याकाळी बोलायला कुणी नाही म्हटल्यावर मी शेजारच्या खोलीचं दार वाजवलं. एवढ्या एका बदलानं माझं निम्मं रडणं थांबलं, खरंच सांगते.

ब्रेडचं म्हणाल तर ती खोटं बोलत नाही, तिकडं तोस्काना भागात ब्रेडमध्ये मीठच घालत नाहीत, पूर्वापार तसंच. तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या पोरीला तो पहिल्यांदा कसा लागत असेल मला विचारा. कांदा-लसूण चटणी पाठवा, ऑलिव्ह तेलात कालवून त्याच ब्रेडवर लावून खायची, लई भारी लागते. पण रोज तेवढंच खोलीत बसून खाऊ देऊ नका. दुपारी मेन्सात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खानावळीत, जेवायला जा म्हणावं, तिथंच ओळखी होतात. कोर्स इंग्लिशमधून असला तरी पोरं आपसात इटालियनच बोलतात, मुद्दाम टाळत नाहीत तिला. भाषेचा एखादा क्लास लावायलाच पाहिजे, हे मी स्वतः सहा महिने उशिरा केलं आणि त्याचा मला अजून पस्तावा होतो.

परीक्षेचं जरा नीट सांगते कारण आपल्याकडं तसं नसतं. तिथं बरेच पेपर तोंडीच असतात, प्रोफेसरसमोर बसायचं, मागं बाकीची पोरं ऐकत बसलेली असतात. मार्क तीसपैकी, पास व्हायला अठरा लागतात, आणि फार छान झालं तर तिसावर शाबासकी म्हणून ‘लोदे’. पण एकाच परीक्षेच्या बऱ्याच तारखा असतात, जानेवारी-फेब्रुवारीत, परत जून-जुलैत, परत सप्टेंबरात. मार्क कमी वाटले तर बहुतेक ठिकाणी नको म्हणून परत बसता येतं, आणि तसं केलं म्हणून कुणी नाव ठेवत नाही, तिथली पोरंपण करतात. म्हणजे एका तारखेला फसलं म्हणजे वर्ष गेलं असं नाही. फेब्रुवारीपर्यंत एक तरी परीक्षा देऊ दे, परत यायचं का ते त्यानंतर तिचं तिनं ठरवू दे, तुम्ही नाही आणि बाबांनीही नाही.

कागदपत्रं तेवढी विचारून घ्या. राहण्याच्या परवान्याचा अर्ज पोहोचल्यापासून कामकाजाच्या आठ दिवसांत पोस्टातून करायचा असतो, त्याची पावती जपून ठेवायची. खोलीचा करार रजिस्टर केलेला आहे का तेपण बघा, माझ्या पहिल्या घरमालकानं केला नव्हता आणि निघताना डिपॉझिटसाठी मला फार फिरवलं.

आणि एक सांगायचंच आहे. आपले छत्रपती राजाराम महाराज, शाहू महाराजांच्या आधीचे, १८७० साली इंग्लंड बघून परत येताना फ्लॉरेन्समध्येच वारले, ३० नोव्हेंबरला, वय अवघं वीस. तेव्हा तिथं दहनाला परवानगी नसायची, ती खास काढावी लागली आणि आर्नो आणि मुन्योने या दोन नद्या मिळतात तिथं रात्री अग्नी दिला. आपल्या प्रयाग चिखलीसारखाच संगम तो. १८७४ पासून तिथं महाराजांचा अर्धपुतळा आहे, वर छत्री, आणि तिचा आराखडा ज्या इंग्रज आर्किटेक्ट मेजर मँटनं केला त्यानंच पुढं आपल्या न्यू पॅलेसचा केला. शेजारच्या पुलाचं नावच ‘भारतीयाचा पूल’ असं आहे. तुमची लेक आर्किटेक्चरवाली, तिला हे दाखवायलाच पाहिजे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा फेट्यातला तो चेहरा बघून खूप रडले, पण ते रोजच्यासारखं नव्हतं. एवढ्या लांब आपलं कुणीतरी दीडशे वर्षं आहे असं वाटलं. नंतर दर महिन्याला जायचे, मैत्रिणींना घेऊन, आणि त्यांना कोल्हापूर सांगायचे.

टी-वन ट्रॅम धरून काशिने स्टॉपला उतरायचं आणि बागेतून नदीच्या कडेकडेनं पश्चिमेला शेवटपर्यंत चालायचं, पाऊण तास तरी लागतो. महाराजांच्या पुण्यतिथीला, ३० नोव्हेंबरला जा म्हणावं, बरोबर वर्गातली एखादी मुलगी घे. बूट चांगले घालायला सांगा, या दिवसांत तिथं चिखल असतो.