आधी बघ, हलतंय कोण?

प्रिय बाळा,

तुझा लांबलचक मेसेज काल गाडीत उभ्या उभ्या वाचला, घरी येऊन परत एकदा वाचला. थरवाल्या सोडियम मँगनीज ऑक्साइडमध्ये सोडियम कसा सरकतो ते तुला म्युऑनने (इलेक्ट्रॉनसारखाच पण जड आणि अल्पायुषी कण, सॅम्पलमध्ये थांबला की आसपासचं चुंबकीय फील्ड सांगतो) बघायचंय, प्रपोजलची तारीख जवळ आलीय आणि गाइड विचारतायत की लॅबमध्ये इम्पीडन्सचं (बदलत्या विजेला सॅम्पल किती अडवतं ते मोजणारं) मशीन असताना परदेशात कशाला जायचं. प्रश्न रास्त आहे त्यांचा. इम्पीडन्समध्ये पावडर दाबून केलेली अख्खी पेलेट बोलते, दाण्यांच्या सीमा, भोकं, इलेक्ट्रोड, सगळं एकत्र. एनएमआर (अणुकेंद्रांच्या चुंबकत्वावरून मोजायची पद्धत) दाण्याच्या आतलं सांगतं पण तुझ्याकडे मँगनीज आहे, त्याच्या इलेक्ट्रॉनांच्या चुंबकत्वाचा गोंगाट एवढा की सोडियमचं काही ऐकू येणं कठीण. म्युऑनचं तसं होत नाही, कारण खोलीच्या तापमानाला मँगनीजचे स्पिन (कणांची बारीक चुंबकंच म्हण) इतक्या झपाट्याने उलटेपालटे होतात की त्याला त्यांचा त्रास थोडाच होतो (तो थोडा भाग फिटमध्ये घ्यावा लागतो, विसरू नकोस), आणि मग त्याला जाणवतं ते शेजारच्या अणुकेंद्रांचं काही गाउसचं (दहा हजार गाउस म्हणजे एक टेस्ला) बारीक फील्ड. तेच आपल्याला हवंय.

म्युऑन म्हणजे काही दुर्मिळ चीज नाही, तू हे वाचतेयस तेव्हाही तुझ्या तळहातातून सेकंदाला एखाददुसरा आरपार जातोय, अवकाशातून आलेल्या किरणांमुळे. पण ते वाटेल त्या दिशेने आणि भन्नाट वेगाने येतात, सॅम्पलमध्ये थांबतच नाहीत. आपल्याला लागतात ते ग्रॅफाइटवर प्रोटॉन आपटून बनवलेले, 4.1 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे, सगळ्यांचे स्पिन एकाच दिशेला. आपल्या देशात असा बीम नाही, मोठी ठिकाणं म्हणजे इंग्लंडचं आयसिस, स्वित्झर्लंडचं पीएसआय, कॅनडाचं ट्रायम्फ आणि जपानचं जे-पार्क. कुठे अर्ज करायचा ते प्रश्नावर ठरव. थंड केल्यावर मँगनीजचे स्पिन रांगेत लागतात ते बघायचं असेल तर बाहेरून फील्ड लावायचीही गरज नाही, म्युऑन आतल्या फील्डमध्ये आपोआप फिरायला लागतो, पण फील्ड 0.1 टेस्ला असेल तर एक फेरी 74 नॅनोसेकंदांत संपते आणि आयसिसला म्युऑन झुंडीने येतात, ती झुंड म्हणजे पल्सच मुळात 70-80 नॅनोसेकंद रुंद, तिथे ती फेरी पुसून जाते. त्या कामाला पीएसआय, तिथे म्युऑन झुंडीने नाही, एकेक येतात. सोडियमची संथ हालचाल बघायची असेल तर मात्र आयसिस नाहीतर जे-पार्क, कारण पल्स येऊन गेली की मागून नवे म्युऑन येत नाहीत, उशिराचा डेटा स्वच्छ मिळतो.

आणि सगळी गंमत त्या उशिराच्या डेटातच आहे. शेजारी स्थिर असतील तर बाहेरून फील्ड न लावता मिळणारा वक्र, कुबो-तोयाबेचा (म्युऑनांचे स्पिन अजून किती एका दिशेला आहेत ते वेळेनुसार दाखवणारा), आधी खाली जातो, जवळजवळ शून्याला टेकतो आणि मग वर येऊन एक तृतीयांशावर थांबतो. एक तृतीयांश का, तर सगळीकडची फील्डं धरली की सरासरीने तेवढा हिस्सा स्पिनच्याच दिशेला येतो, तो वळतच नाही. आता सोडियम हळूहळू उड्या मारायला लागला की सगळ्यात आधी ढासळते ती ही शेपटी. जोरात उड्या मारायला लागला तर खड्डाच नाहीसा होतो, कारण गर्दीच्या डब्यात शेजारी सारखे बदलत असतील तर कुणाचंच कोपर तुला एका बाजूला वळवण्याइतका वेळ टोचत नाही, तसंच.

पण ती शेपटी महाग पडते गं. म्युऑनचं सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद, म्हणजे 10 मायक्रोसेकंदांपर्यंत शंभरातला एकच उरतो. म्हणून तापमानं कमी घे, दहाच घे हवी तर, पण प्रत्येकाला भरपूर वेळ दे. प्रत्येक तापमानाला शून्य फील्ड, मग 5 आणि 10 गाउस स्पिनच्या दिशेने, आणि अल्फासाठी (पुढच्या-मागच्या डिटेक्टरांच्या मोजणीतला फरक सांभाळणारा आकडा) 20 गाउस आडवं. शून्य, 5 आणि 10 एकत्र फिट कर, डेल्टा (शेजाऱ्यांच्या फील्डचा पसारा) तिघांना एकच ठेव. नुसत्या शून्य फील्डवर अल्फा, डेल्टा आणि न्यू (उड्यांचा वेग) तिन्ही मोकळे सोडलेस तर ते एकमेकांची जागा घेतात आणि सुंदर दिसणारं पण खोटं उत्तर हातात येतं.

आता मुख्य गोष्ट. वक्राला फक्त एवढंच कळतं की म्युऑन आणि शेजारी एकमेकांच्या सापेक्ष हलले. ऑक्साइडमध्ये म्युऑन ऑक्सिजनला चिकटून बसतो, साधारण 1 अँगस्ट्रॉमवर, हायड्रोजनसारखाच, पण तापवत गेलं की तोही उठून चालायला लागू शकतो. मग तू मोजलंस ते सोडियमचं की म्युऑनचं? तशाच सांगाड्याचं, पण ज्यात सरकणारा आयन नाही असं सॅम्पल सोबत ने. म्युऑन कुठे बसतो आणि तिथून निघायला किती ऊर्जा लागते त्याचं कॅल्क्युलेशन जायच्या आधीच करून ठेव. आपण वापरतो तो धन म्युऑन, ऋण म्युऑनचाही मार्ग आहे, तो अणुकेंद्राजवळ अडकतो त्यामुळे चालायचा प्रश्नच नाही, पण त्याचं पोलरायझेशन (स्पिन एका दिशेला असण्याचं प्रमाण) जेमतेम एक षष्ठांश उरतं, वेळ फार खातो.

माझ्या पहिल्या बीमटाइमचं (बीम वापरायला मिळालेल्या दिवसांचं) सांगते. सॅम्पल जुलैत बनवलं होतं, बाटलीचं झाकण नीट बसलं नव्हतं, माझ्या लक्षात आलं नाही. तिथे गेल्यावर कमी तापमानालाच डेल्टा अपेक्षेपेक्षा मोठा, मी तीन रात्री त्याचं कारण सोडियमच्या जागांमध्ये शोधत बसले. मुंबईला येऊन सॅम्पलचा एक्सरे (थरांमधलं अंतर सांगणारा) परत घेतला तर कमी कोनाला नवीन पीक, थरांमध्ये पाणी शिरलेलं. पाण्यातल्या प्रोटॉनचं मोमेंट (चुंबकी ताकद) मोठं, म्युऑन त्यांच्याबद्दलच सांगत होता. चार दिवसांच्या बीममधून सोडियमबद्दल लिहिण्यासारखी एक ओळ निघाली नाही आणि मला ते अजून टोचतं.

तुझं मटेरियलही पाणी ओढतं, म्हणून पावडर टायटॅनियमच्या सेलमध्ये ग्लव्हबॉक्सच्या (हवा-ओल न शिरणाऱ्या बंद पेटीच्या) आतच सील कर आणि निघायच्या आदल्या आठवड्यात एक्सरे परत घे. समोर चांदीचा मास्क लाव, चांदीच्या केंद्रांचं मोमेंट इतकं लहान की चुकून तिथे थांबलेले म्युऑन सपाट रेघ देतात, ती वजा करता येते.

ड्राफ्ट रविवारपर्यंत पाठव. पहिल्याच परिच्छेदात लिही की सोडियम आणि म्युऑन वेगळे कसे ओळखणार, डिफ्यूजनचा आकडा नंतर. आणि सॅम्पल पाऊस ओसरल्यावरच बनव.